अमोस लेगटची काच

१

पेटी उघडली आणि आत बशी निघाली.

चहाची साधी बशी, पांढरी, निळ्या काठाची. बंदरावरच्या रॉकेट हाउस या सभागृहाच्या स्वयंपाकघरात अशा ढिगाने पडलेल्या असतात. कुणीतरी ती मऊ फ्लॅनेलमध्ये नीट गुंडाळून ठेवली होती, म्हणजे पेटी उचलणाऱ्याला वजनात फरक कळू नये.

रूथ डनिंग बशीकडे बघतच राहिली. मग खुर्ची मागे आहे की नाही हे न बघता बसली. नशीब, खुर्ची होती.

"काच गेली," ती म्हणाली. "इझोबेल, काच गेली."

इझोबेल टॉफ्टने दोनदा पेटीत हात घातला. बाई प्रकाशक. पंचवीस वर्षं बुडालेली जहाजं, विसरलेल्या पलटणी आणि हरलेले फुटबॉल संघ यांच्यावर पुस्तकं काढत आलेली. सहसा घाबरत नाही. पण आता तिचा चेहरा त्या बशीसारखाच पांढरा पडला होता.

"क्लेम," तिने दाराकडे बघून हाक मारली. "जरा इकडे ये. आणि दार लावून घे."

क्लेम पिकर्सगिल दारापाशी टेबल टाकून बसला होता, येणाऱ्यांना तिकिटं देत आणि मधेमधे स्वतःचं पुस्तक खपवत. गावच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास, तीनशे पानं, त्यातली अडीचशे पराभवांची. त्याआधी तो पोलिसात सार्जंट होता. निवृत्त झाला तेव्हा बायकोने समाधानाचा श्वास सोडला होता. क्लेमने मात्र गुपचूप हळहळ केली होती.

त्याने बशी बघितली, पेटी बघितली, आणि पाठ सार्जंटासारखी ताठ केली. किती वर्षांनी.

"कुणी हात लावू नका," तो म्हणाला. हे वाक्य म्हणायला त्याला फार बरं वाटलं.

२

ती काच म्हणजे फोटोची निगेटिव्ह, एकोणीसशे तेरा सालातली.

त्या नोव्हेंबरात स्टेनरविकच्या खडकांवर एक मालवाहू जहाज फुटलं आणि अकरा खलाशी बुडाले. गावची बचाव नौका किनाऱ्यावर उभी होती, आणि तिचा तांडेल अमोस लेगट म्हणे समुद्रात जायला तयार झाला नाही. तसं नौकेचे सेक्रेटरी कॅप्टन ऑर्ड यांनी वर लिहून कळवलं. तेव्हापासून लेगट हे नाव गावात हळू आवाजात घेतलं जातं. धक्क्यावरच्या दगडावर नौकेच्या सगळ्या तांडेलांची नावं कोरलेली आहेत. अमोसच्या जागी मोकळी पट्टी आहे.

आणि गेल्या हिवाळ्यात रूथला एका जुन्या फोटोवाल्याच्या माळ्यावर ही काच सापडली. किनाऱ्यावर ओढून घेतलेली नौका, तुटकी वल्ही, भिजून चिंब झालेले खलाशी, मध्ये अमोस, डोक्याला मार लागलेला. मागे खडकावर ते जहाज, डोलकाठी अजून उभी. ती डोलकाठी अंधार पडायच्या आत कोसळली होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे ती उभी असताना अमोस नौका घेऊन गेला होता. जाऊन, मार खाऊन परत आला होता.

रूथने त्यावर पुस्तक लिहिलं. इझोबेलने छापायला घेतलं. आणि आज, पुस्तक दिनाच्या दिवशी, दुपारचा चहा झाला की बंदर समिती ह्याच इमारतीत बसून ठरवणार होती, अमोसचं नाव दगडावर घालायचं की नाही.

"छापील फोटो आहे की तुझ्याकडे," क्लेम म्हणाला.

"समितीला तो चालत नाही." रूथ म्हणाली. "विल्फ स्ट्रोथर म्हणतो, आजकाल कंप्युटरवर कुणालाही कुठल्याही बोटीत बसवता येतं. मूळ काच दाखवा, नाहीतर विषय बंद, कायमचा. आणि एटी आजी येतेय रे. तिला मी काय सांगू?"

एटी लेगट, अमोसची नात, वय एक्क्याण्णव. शाळेत असताना पोरं तिच्या मागे "माघारी फिर, माघारी फिर" असं ओरडत चालायची. तिने लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही आणि नावही बदललं नाही.

"पेटी कधी ठेवलीस?"

"सकाळी आल्याआल्या. ह्याच कपाटात. तेव्हा काच होती, मी बघितलीय."

"तेव्हा इथे कोण कोण होतं?"

"आम्ही दोघी. डेस्मंड आणि मेजर. ते टेबलं मांडायला लवकर आले होते. मग तू आलास आणि दारात बसलास."

क्लेम दारात बसल्यावर ह्या दोघी सोडून स्वयंपाकघरात कुणी गेलं नव्हतं. जायचं तर त्याच्या टेबलाला वळसा घालून जावं लागलं असतं. आणि इमारतीतून अजून कुणी बाहेरही पडलं नव्हतं, कारण बाहेर गारा पडत होत्या आणि आत खेकड्याचे सँडविच होते.

म्हणजे चौघांपैकी एक. आणि काच अजून आतच.

क्लेमने हात चोळले.

३

"मी चोरली, असं म्हणायचंय का तुला?" डेस्मंड क्रेक म्हणाला. "स्पष्ट विचार की. मी काही लाजाळू मुलगी नाही."

डेस्मंडची जहाजबुडीवरची पुस्तकं साऱ्या किनाऱ्यावर खपतात. त्यातल्या सगळ्यात जाड पुस्तकात अमोस लेगटवर आख्खं प्रकरण आहे आणि ते वाचून अमोसची कीव येत नाही, चीड येते. तीस वर्षं ते पुस्तक छापलं जातंय. ही काच खरी ठरली की ते प्रकरण खोटं.

"तुझं नुकसान सगळ्यात मोठं, डेस्मंड."

"अरे गाढवा, माझा फायदा सगळ्यात मोठा." डेस्मंडने सँडविचचा घास घेतला. "तीस वर्षं जुनं पुस्तक. ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेतलं. आता वाद होणार, पेपरात येणार, मी उदार मनाने चूक कबूल करणार आणि नवी आवृत्ती काढणार. इझोबेलला विचार, करार झालाय. ती काच हरवली तर मी रडेन."

क्लेमची एक सवय होती. तुम्ही कुठे होता, हे तो विचारत नसे. त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. जे गेलंय त्याबद्दल बोलायला लावायचं आणि ऐकत बसायचं.

"तू बघितलीस का काच?"

"कुठली बघायला मिळतेय. रूथ तिला अंड्यासारखी जपते. मुखपृष्ठ बघितलं, इझोबेलने ईमेलवर पाठवलं होतं सगळ्यांना. चांगलंय. दांडगा गडी आहे अमोस. डोळ्यावर ते फडकं बांधलेलं, आणि नजर अशी की फोटोवाल्याला आता थोबाडीत देईल. मी त्याला भित्रा म्हणालो होतो." डेस्मंड क्षणभर चावायचा थांबला. "तो चेहरा आधी बघितला असता तर नसतो म्हणालो."

क्लेमने मान डोलावली. डेस्मंडच्या पिशव्या, खोके सगळं उघडं पडलं होतं. तो स्वतःच एकेक पुस्तक उलटंपालटं करून दाखवत होता आणि मधेच एक क्लेमच्या गळ्यात मारायचा प्रयत्नही करत होता.

४

मेजर अँब्रोज ऑर्ड यांचं टेबल सगळ्यात देखणं. हिरवं कापड, पलटणींवरची त्यांची पुस्तकं, बिल्ले, चकचकीत चौकटींत फोटो. मध्यभागी आजोबा, कॅप्टन सेप्टिमस ऑर्ड, छातीवर पदकं. होय, तेच, नौकेचे सेक्रेटरी.

पण मेजरवर संशय घ्यायला क्लेमचं मन होईना. अमोसचं नाव घाला म्हणून समितीला पहिला अर्ज मेजरनेच दिला होता. भर सभेत उभं राहून म्हणाला होता, माझ्या आजोबांची चूक झाली, त्या दिवशी धुकं होतं, किनाऱ्यावर उभं राहून त्यांना दहा हातांवरचं दिसत नव्हतं, नौका गेली ते कळलंच नाही. सगळ्या गावाने त्याचं कौतुक केलं. एटी आजीने त्याला मुरंब्याची बरणी दिली होती.

"काय हे, क्लेम," मेजर म्हणाला. "आजच्याच दिवशी? त्या बाईला काय वाटेल?"

"तुम्ही सकाळी स्वयंपाकघरात गेला होता, मेजर?"

"गेलो होतो ना. कप आणून दिले इझोबेलला. पेटी बघितली कपाटात. उघडली नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची सवय नाही मला."

"मुखपृष्ठ कसं वाटलं?"

"अं? हो, छान. हेलावून टाकणारं." मेजरने एक चौकट फडक्याने पुसली. "मी तर म्हणतो, समितीने मुखपृष्ठावरच निर्णय द्यावा. कोण तो अमोस, पांढऱ्या दाढीचा बिचारा म्हातारा, आणि त्या वयात असल्या वादळात उतरला. डोळ्यावर काळी पट्टी बघितली आणि मला भरून आलं. काच असो की नसो, त्याचं नाव लागलं पाहिजे. मी स्वतः विल्फशी बोलतो."

"फार उपकार होतील," क्लेम मनापासून म्हणाला आणि वळला.

त्याला मेजर आवडायचा. म्हणूनच बहुतेक, आपण काय ऐकलं ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

५

एटी आजी गारा झटकत आत आली. निळा कोट, डोक्यावर पावसाळी टोपी, हातात काठी. ती काठी चालायला कमी आणि माणसं बाजूला करायला जास्त.

"सगळे असे सुतक पडल्यासारखे का उभे?" ती म्हणाली. "कोण गेलं?"

रूथने सांगितलं. सांगताना रडली. एटी आजीने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा हात धरला.

"रडू नको पोरी. मला सवय आहे. शंभर वर्षं नाही मिळालं, आज मिळणार होतं, नाही मिळालं." तिने काठी एकदा जमिनीवर आपटली. "फक्त एकदा वाटत होतं, त्या धक्क्यावरून वर मान करून चालावं."

क्लेमला ते बघवेना. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तो म्हणाला, "आजी, निदान लोकांनी फोटो तरी बघितला. सगळे हळहळतायत. त्या वयात, एवढी पांढरी दाढी झालेला माणूस—"

"कुणाची पांढरी दाढी?"

"अमोसची."

"डोकं फिरलंय का तुझं? बत्तीस वर्षांचा होता तो. कोळशासारखी काळी दाढी. आमच्या आजीने त्याच दाढीवर भाळून लग्न केलं त्याच्याशी."

क्लेम तिच्याकडे बघतच राहिला. मग रूथकडे वळला.

"मुखपृष्ठ दाखव. आत्ता."

"क्लेम, तुला पाठवलं होतं की ईमेलवर."

"मी फुटबॉलवाला. बोटींच्या ईमेल मी उघडत नाही. दाखव."

भिंतीवर मोठं चित्र कापडाखाली झाकलेलं होतं, समारंभात उघडायचं म्हणून. रूथने कापड ओढलं.

अमोस लेगट त्याच्याकडे बघत होता. तरणाबांड, काळीभोर दाढी, आणि डाव्या डोळ्यावर बांधलेलं स्वच्छ पांढरं फडकं.

क्लेमच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नाही. गोल होणार हे बॉल पायातून सुटतानाच कळतं, तसा.

"रूथ, निगेटिव्हवर काळ्याचं काय होतं?"

"पांढरं दिसतं. आणि पांढऱ्याचं काळं. का?"

तो चालायला लागला होता.

६

मात्र अर्ध्या वाटेत थांबला. का, हे कळल्याशिवाय त्याला जाता येईना.

मेजरला अमोसचं नाव लागायला हवं होतं. हे नाटक नव्हतं. मग काच का घेतली? नाव लागू दे पण काच नको, म्हणजे अमोस त्याला खुपत नव्हता. फोटोतलं दुसरंच काहीतरी खुपत होतं.

तो परत त्या मोठ्या चित्रापाशी आला. नौका, माणसं, वर पुस्तकाचं नाव. चित्र उभं होतं.

"जहाज कुठाय? खडकावरचं?"

"कापलं," इझोबेल म्हणाली. "काच आडवी आहे, मुखपृष्ठ उभं. कडेचं सगळं गेलं. जहाज आतल्या पानांत आहे."

"किती दिसतं ते काचेवर?"

"किती म्हणजे?" रूथने डोळे पुसले. "स्वच्छ दिसतं. त्याच्या दोऱ्यासुद्धा मोजता येतील. खडकापलीकडचं क्षितिजसुद्धा—"

ती थांबली. क्लेमही थांबला.

धुकं नव्हतंच.

कॅप्टन ऑर्डनी लिहिलं होतं, मी किनाऱ्यावर उभा होतो. मेजर म्हणत होता, होते, पण धुक्यात दिसलं नाही. मग इतक्या स्वच्छ हवेत नौका गेली, आपटली, परत आली, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला दिसलं नाही? एकच अर्थ. माणूस किनाऱ्यावर नव्हताच.

"जहाज फुटलं तो वार कोणता?"

"शनिवार. नोव्हेंबरचा दुसरा."

आणि क्लेम मोठ्याने हसला. सगळे त्याच्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. तो धावत आपल्या टेबलाकडे गेला, स्वतःचंच पुस्तक उचललं आणि पानं फाडतोय की काय अशी उलटली. हे पान त्याने स्वतः लिहिलं होतं. चित्राखालची ओळ स्वतः टाइप केली होती. कितीतरी जणांना सही करून विकलं होतं.

फुटबॉलवाले बोटींची पुस्तकं वाचत नाहीत. बोटीवाले फुटबॉलची वाचत नाहीत. आणि पलटणवाले दोघांचीही नाही. सगळे एकाच गावावर लिहितात आणि प्रत्येकाचं गाव वेगळं.

७

"मेजर," क्लेम हळू म्हणाला, "तुम्ही ईमेल उघडलीच नाहीत ना?"

मेजर चौकट पुसत होता. हात थांबला.

"मुखपृष्ठावर काळी दाढी आहे आणि पांढरं फडकं. तुम्ही मला पांढरी दाढी आणि काळी पट्टी सांगितलीत. तसा अमोस जगात एकाच ठिकाणी दिसतो. काच उजेडाला धरली की."

मेजरने फडकं घडी करून खाली ठेवलं. आजूबाजूला माणसं चहा पीत होती.

"मी फक्त बघणार होतो," तो शेवटी म्हणाला. "पेटी समोर होती. खिडकीपाशी धरली. आणि ते जहाज दिसलं. एवढं लख्ख. मी लहानपणापासून धुकं ऐकत आलो, क्लेम. आमच्या घरात ते धुकं म्हणजे देवाचा शब्द. मूळ काचच नसली की छापलेल्या जहाजावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं वाटलं."

"फोडली का?"

"फोडणार होतो." त्याने मान खाली घातली. "जमलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जुन्या वस्तू जपल्या. हात उचलेना."

"मला वाटलंच होतं. आपल्या इतिहासवाल्यांतला कुणीही असता तरी फोडली नसती." क्लेमने पुस्तक उघडून हिरव्या कापडावर ठेवलं. "हे बघा. त्या शनिवारचं. हॉकस्टनच्या मैदानात चषकाचा सामना, इथून वीस मैल आत. संघाशी हस्तांदोलन करतायत ते पाहुणे कोण?"

मेजरने चष्मा चढवला. फोटोत चिखल होता, गारठलेले अकरा खेळाडू होते, आणि मध्ये फुलांचा गुच्छ घेऊन हसणारे कॅप्टन सेप्टिमस ऑर्ड होते.

"सामन्याला," मेजर पुटपुटला. "तो सामन्याला गेला होता."

"नौकेचा सेक्रेटरी. वादळाची सूचना लागलेली असताना. परत आला, अकरा मेलेले बघितले, आणि मी इथेच होतो असं लिहून मोकळा झाला. आणि जो खरंच गेला होता त्याच्यावर ढकललं."

"अमोसने सांगितलं नसेल?"

"कोळ्याचं कोण ऐकणार, कॅप्टनपुढे?"

मेजरने आजोबांची चौकट उचलली. मागची खिट्टी फिरवली, पुठ्ठा काढला. पदकवाल्या आजोबांच्या पाठीला चिकटून, रुमालात गुंडाळलेली, काच होती. एकही ओरखडा नाही.

त्याने ती क्लेमपुढे धरली. क्लेमने हात मागे घेतला.

"मी नाही घेणार. मी विल्फला दिली तर मला सांगावं लागेल कुणाकडे मिळाली." त्याने खोलीच्या टोकाला मान वळवली. समितीचे लोक खुर्च्या सरकवत होते. "तुम्हीच द्या. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

८

विल्फ स्ट्रोथर, समितीचा अध्यक्ष, घसा साफ करून म्हणाला की मूळ पुरावा हजर नसल्यामुळे अत्यंत खेदाने वगैरे वगैरे, तेवढ्यात मेजर उठला आणि काच त्याच्यापुढे टेबलावर ठेवली.

रूथ धावत टेबलापाशी आली. डेस्मंड म्हणाला, "अरे देवा," आणि सँडविच खाली ठेवलं.

"मी घेतली होती," मेजर म्हणाला. पलटणीपुढे उभा राहावा तसा ताठ उभा. "माझ्या आजोबांना वाचवायला. ते त्या दिवशी किनाऱ्यावर नव्हते. धुकंही नव्हतं. ते हॉकस्टनला फुटबॉल बघत होते, आणि मिस्टर पिकर्सगिल यांच्याकडे त्याचा फोटो आहे. त्यांनी लिहिलं ते खोटं आहे, चूक नाही. मिस लेगट, मला तुमच्या तोंडाकडे बघायला लाज वाटते."

एटी आजीने त्याच्याकडे बघितलं, मग काचेकडे.

विल्फने काच खिडकीकडे धरली, बाकीच्यांनी माना पुढे काढल्या, आणि मत द्यायला कुणी वेळ लावला नाही. सगळे हात वर गेले.

"ठरलं तर. अमोस लेगट, तांडेल."

"आणि बाकीचे?" एटी आजी म्हणाली.

"बाकीचे कोण, आजी?"

"नौका एकटा माणूस वल्हवतो का, विल्फ? बारा जण होते त्यात. बाराच्या बारा घरांतली पोरं माझ्यासारखीच ऐकत मोठी झाली. लिहायचं तर सगळ्यांना लिहा."

विल्फने डोकं खाजवलं. "कल्पना चांगली आहे, पण दगडावर तेवढी जागा कुठाय?"

"आहे," मेजर म्हणाला. "सगळ्यात वर, सेक्रेटरी म्हणून, मोठ्या अक्षरांत माझ्या आजोबांचं नाव आहे. ते काढा. बारा नावं सहज मावतील."

विल्फने एटी आजीकडे बघितलं, जणू आता समिती तीच होती. तिने थोडा विचार केला आणि मान हलवली. काढा.

मग काठी टेकत ती मेजरपाशी गेली आणि त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसली.

"क्लेम," तिने अचानक विचारलं. "त्या सामन्यात काय झालं?"

"आपण हरलो, आजी. चार-एक."

"बरं झालं," एटी आजी म्हणाली, आणि मेजरने पुढे केलेला चहाचा कप घेतला.